किल्ल्या दिल्याची गोष्ट

एक्स-रेवाल्या बाई आयुष्यभर मोजकंच बोलल्या, आणि त्यातलंही बरंचसं एकच होतं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली होती. दारावर लाल दिवा, आत शिशाचा जड एप्रन खिळ्याला टांगलेला, आणि भिंतीशी ती उभी पाटी, जिला उघडी छाती टेकवली की भल्याभल्यांच्या तोंडून 'बाप रे, किती गार' निघायचं. बाईंना ती कधी गार वाटली नाही. त्यांचं बालपण बर्फाच्या कारखान्यात गेलं होतं. पण हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. पेशंटने गप्पा काढल्या तर म्हणायच्या, "हनुवटी वर", आणि काम झालं की पुढचा नंबर. अख्ख्या शहराच्या छातीतलं बघणाऱ्या या बाईने आपल्या मनातलं मात्र कुणाला दिसू दिलं नाही. दवाखान्यात त्यांना शिष्ट म्हणत. एक वॉर्डबॉय तर पाठीमागे 'बर्फाची लादी' म्हणायचा, आणि त्या बिचाऱ्याला आपण किती नेमकं बोलतोय याचा पत्ता नव्हता.

कारखाना समुद्रापलीकडच्या देशात होता. बाईंचे आजोबा पोटासाठी तिकडे गेले, बंदराच्या मागच्या गल्लीत त्यांनी तो उभा केला, आणि वडलांनी वाढवला. गल्लीतली सगळी माणसं अशीच इकडून गेलेली: सुतार, शिंपी, चष्मेवाला, शाळा चालवणारे एक मास्तर. राहायला तिकडे आणि पासपोर्ट इकडचा. वर्षानुवर्षं त्यावरून कुणी चकार शब्द काढला नाही. मग तिथलं सरकार उलथलं, नवं आलं, आणि एका हुकमाने परक्या नागरिकांची सगळी मालमत्ता सरकारजमा झाली. पंधरा दिवसांत गल्ली रिकामी. माणसं नेसत्या कपड्यांनिशी बोटीत चढली आणि ज्या देशाचा पासपोर्ट होता, पण निम्म्यांनी जो कधी पाहिलाही नव्हता, त्या देशात येऊन उतरली.

सगळं गेल्यावर माणसाकडे सांगायला एवढंच उरतं, की ते कसं गेलं. महिन्यातून एकदा मास्तरांच्या गॅलरीत ही मंडळी जमायची आणि ज्याचं त्याचं दुःख उगाळायची. सुताराच्या दुकानाला सील ठोकलं होतं. शिंप्याची मशीनं ट्रकात फेकली होती. मास्तरांना भर वर्गातून बाहेर काढलं होतं. एकट्या बर्फवाल्यांचं कुणी काही हिसकावलं नव्हतं. बर्फवाल्यांनी दिलं होतं.

ही गोष्ट ऐकावी तर बाईंच्या वडलांकडूनच. ते आधी खुर्ची थोडी पुढे ओढायचे. "तो अधिकारी म्हणजे पोरगाच हो. मिसरूडही धड फुटलं नव्हतं. चार शिपाई घेऊन आला आणि म्हणतो, कारखाना ताब्यात घ्यायला आलोय. म्हटलं, ताब्यात कसला घेतोस बाबा, मी देतो ना. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ठेवला त्याच्या हातावर. म्हटलं, टाकीत साठ लाद्या तयार आहेत, दुपारच्या आत मासळीबाजारात पोचव. सरकार तुझं असेल, पण बर्फ कुणाच्या बापाचा नसतो. उशीर केलास तर नुसत्या पाण्याचा मालक होशील."

इथे सगळे हसायचे. शिंप्याला हसता हसता ठसका लागायचा, मास्तर मांडीवर थाप मारायचे. मग वडील मुलीकडे वळायचे. "ही होती तिथे. डबा घेऊन आली होती. काय गं?"

आणि मुलगी मान हलवायची.

वडलांच्या गोष्टीत खोटं असं काही नव्हतं. ती अर्धी होती, एवढंच. बाकीची अर्धी फक्त त्या मुलीला माहीत होती.

त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती, म्हणून डबाही लवकर निघाला. ती नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आत शिरली. त्या बाजूला लाकडाच्या भुशाचा ढीग असायचा, लाद्या झाकायला. ढिगाआडून तिला आधी बूट दिसले. मग ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसलेले बाबा दिसले. त्यांनी त्या पोरसवदा अधिकाऱ्याच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि ते म्हणत होते, मजूर म्हणून ठेवा साहेब, हमाल म्हणून ठेवा, इथेच टाकीजवळ निजेन, पण बाहेर काढू नका. एक शिपाई हसत होता. अधिकारी ओशाळला होता, पाय सोडवू बघत होता, आणि सुटेना तेव्हा त्याने बाबांच्या खांद्यावर लाथ दिली. फार जोरात नाही. वाटेतलं कुत्रं बाजूला करावं, तेवढीच. मग बाबा उठले, त्यांनी हात पँटला पुसले आणि कमरेला जुडगा चाचपला.

पोर आल्या पावली मागे फिरली. गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने आत आली, आत्ताच आल्यासारखी. तेव्हा किल्ल्या नेमक्या त्या हातातून या हातात जात होत्या. लाद्यांचं आणि मासळीबाजाराचं बाबा खरंच बोलले. पण ते हळू आवाजात बोलले, विनवल्यासारखं, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. तिला बघून मात्र बाबा एकदम ताठ झाले. घरी जाताना तिचा हात धरून म्हणाले, "बघितलंस ना? मी स्वतः दिल्या किल्ल्या." तिने मान हलवली. ती तिची पहिली वेळ.

पुढे किती वेळा हलवली, याला गणती नाही. लहान होती तोवर ते जमलं. मोठी झाल्यावर जड जायला लागलं, आणि वडील वारल्यावर तर फारच जड. कारण माणूस गेल्यावर त्याची गोष्ट सगळ्यांची होते. आता ती सुतारकाका सांगायचे, कधी शिंपी सांगायचा, आणि शेवटी सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळायची. कुणी डोळे पुसत म्हणायचं, गल्लीत एकटा तुझा बाप ताठ मानेने बाहेर पडला बघ. तिला वाटायचं, एक दिवस आपल्या तोंडून निसटणार. चहा ओतताना, कुणी प्रेमाने पाठीवर हात ठेवला तर, भसकन निघून जाणार, आणि मेलेल्या बापाचे गुडघे पुन्हा ओल्या फरशीवर टेकणार. मग तिने ड्यूटीचं निमित्त काढलं. एक महिना चुकवला, मग दोन, मग जाणंच सुटलं.

सुतारकाकांच्या पुतण्याचं स्थळही तिने असंच घालवलं. मुलगा चांगला होता, छापखान्यात कामाला होता, बोटांना सतत शाई. दोनदा ती त्याच्याबरोबर नदीवर फिरून आली होती आणि दोन्ही वेळा तिला परत फिरावंसं वाटलं नव्हतं. पण त्या घरात ती गोष्ट रोज निघणार होती. आणि नवऱ्याशेजारी उशीवर डोकं ठेवून माणूस किती वर्षं अर्धंच बोलू शकतं? आईने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, मला नोकरी सोडायची नाही. नोकरी सोड असं कुणीच म्हटलं नव्हतं. पुतण्याने वर्षभर वाट बघितली आणि मग दुसरीकडे लग्न केलं. पुढे आईही गेली. बाई जिन्याखालच्या खोलीत लोकांना श्वास रोखायला सांगत राहिल्या.

असं करत त्या साठीच्या पार गेल्या, आणि आता कुठे सरकारला जाग आली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथे पोरांचे आजोबा झाले. दोन देशांचं फाटलं तेव्हा त्या सरकारचे इकडच्या बँकांत अडकलेले पैसे तसेच पडून होते. त्यांतून इकडच्या ज्या नागरिकांची मालमत्ता तिकडे बळजबरीने घेतली गेली त्यांना भरपाई द्यावी, असा कायदा एकदाचा मंजूर झाला. बहुतेक मालक तोवर वर गेले होते. बैल गेला आणि झोपा केला, तो असा. मुलाबाळांना मात्र दावा लावता येणार होता. आणि नेसत्या कपड्यांनिशी पळालेल्यांकडे कागदपत्रं कुठली असणार, एवढी अक्कल कायदा करणाऱ्यांनी दाखवली होती. मालमत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार आणला तरी चालणार होतं.

बाईंनी रेडिओवर हे ऐकलं तेव्हा त्यांच्या टेबलावर घरमालकाच्या मुलाची नोटीस पडलेली होती. इमारत विकली गेली होती. तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली, जिच्यात बाईंचं सगळं आयुष्य एका कपाटात आणि एका खाटेवर मावलं होतं, वर्षअखेर सोडायची होती. पेन्शनमध्ये दुसरी मिळण्यासारखी नव्हती. दवाखान्याच्या ओळखीने वृद्धांच्या वसतिगृहात जागा होती, पण ती आठ खाटांच्या खोलीत. बाई एकदा जाऊन बघून आल्या. खोली स्वच्छ होती, बायका चांगल्या होत्या, एकीने बसायला खुर्ची दिली. पण परत येताना बाईंच्या डोक्यात एकच होतं. आपण झोपेत बोलतो की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असायला शेजारी कधी कुणी झोपलंच नव्हतं.

म्हणून त्यांनी दावा लावला. साक्षीदार म्हणून एकच जण जिवंत होते, सुतारकाका. टाकीवरची लाकडी झाकणं त्यांनीच बनवली होती. मास्तरांच्या मुलीमार्फत त्यांना निरोप गेला, ते सुनेबरोबर परस्पर कचेरीत जाऊन जबाब देऊन आले, आणि महिन्याभरात बाईंना उत्तर आलं. मालमत्ता मालकाने स्वखुशीने सुपूर्द केल्याचे साक्षीदाराच्या जबाबावरून दिसते, सबब दावा कायद्यात बसत नाही, हरकत असल्यास सुनावणीला हजर राहावे.

बाई कागद हातात घेऊन खाटेवर बसल्या आणि त्यांना चक्क हसू आलं. काकांनी सगळी गोष्ट सांगितली होती. जुडग्यापासून पाण्याच्या मालकापर्यंत, सगळी.

मग त्यांनी काकांना फोन लावला. नंबर मास्तरांच्या मुलीकडून मिळवावा लागला.

"काका, मी बोलतेय. बर्फवाल्यांची."

"बर्फाची पोर?" पलीकडून आवाज आला. "अगं, आहेस कुठे तू. आम्हाला वाटलं विसरलीस."

"काका, तुम्ही जबाबात सांगितलंत, बाबांनी किल्ल्या आपणहून दिल्या."

"मग? दिल्याच की."

"त्यानेच दावा अडलाय. दिलेल्याचे पैसे मिळत नाहीत, घेतलेल्याचे मिळतात. सुनावणीला तुम्ही एवढंच म्हणा, शिपाई आले आणि कारखाना घेतला. बाकीचं काही सांगू नका."

 मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"पोरी, तुझ्यासाठी म्हणशील ते करीन," ते शेवटी म्हणाले. "पण तुझ्या बापाने दिलं ते हिसकावलं असं मी म्हणायचं नाही. आणि तुझ्यासमोर तर नाहीच नाही. दुसरं काही सांग."

"दुसरं काही नाही, काका."

"मग जे आहे तेच मी सांगणार. म्हाताऱ्यावर रागावू नकोस."

फोन ठेवल्यावर बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. बाईंची मूठ जन्मभर झाकलेली होती, आणि आता कायद्याचं म्हणणं असं, की आधी उघडा, मग किती द्यायचे ते बघू. एका बाजूला डोक्यावरचं छप्पर होतं आणि एका बाजूला बाबा. बरं, सल्ला विचारावा तर विचारायचा कुणाला? ज्याला विचारायचं त्याला आधी सगळं सांगावं लागणार, आणि सांगितल्यावर विचारायचं काय उरलं? सुनावणीच्या दिवसापर्यंत त्यांचं काहीच ठरलं नव्हतं. तरी त्या निघाल्या.

सुनावणी जुन्या महसूल कचेरीत होती. पहिल्या मजल्यावर लांब खोली, हिरव्या कापडाचं टेबल, एक टायपिस्ट, आणि सर्दी झालेली एक तरुण अधिकारीबाई, जिचा एक हात सारखा रुमालाकडे जात होता. काका आधीच येऊन बसले होते. वाळून अर्धे झाले होते, पण शर्ट इस्त्रीचा होता आणि दाढी ताजी केलेली. मागे त्यांची सून. बाईंना बघून ते काठी टेकून उठू लागले, आणि बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी खुणेनेच काकांना बसायला सांगितलं आणि त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

आधी काकांची साक्ष झाली. अधिकारीबाईने विचारलं, कारखाना कसा गेला ते आठवतं का, आजोबा? झालं. काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मिसरूड न फुटलेला पोरगा आला, जुडगा आला, साठ लाद्या आल्या, मासळीबाजार आला. स्वतः पाहिल्यासारखं सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा बाबांसारखाच होत होता. पाण्याच्या मालकापाशी टायपिस्टही हसला. अधिकारीबाईने रुमालाआड हसू लपवलं.

"छान सांगता तुम्ही," ती म्हणाली. "पण म्हणजे त्यांनी कारखाना आपणहून दिला."

"आपणहून. ताठ मानेने."

"तुम्ही स्वतः हजर होता?"

"मी नव्हतो. ही होती." काकांनी बाईंकडे बोट केलं. "डबा घेऊन आली होती. काय गं?"

आणि बाईंनी मान हलवली.

मान आपसूक हलली. इतकी वर्षं नुसती पडून होती, तरी सवय गेली नव्हती. अधिकारीबाईने विचारलं, "किल्ल्या देताना तुम्ही स्वतः पाहिलंत?" मान पुन्हा हलली. "बरं," ती म्हणाली, "मग या कलमाखाली मला काही करता येणार नाही. वाईट वाटतं," आणि तिने पेन उचललं. तिला खरंच वाईट वाटलं असावं, कारण ती कागदाकडेच बघत होती.

"मी आधी आले होते," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"किल्ल्या दिल्या, त्याच्या आधी. मी मागच्या दाराने आले होते. तिथे भुसा होता. त्याच्या मागे उभी होते."

मग त्यांनी सांगितलं. पेशंटला सूचना द्याव्यात तशा सरळ, एकसुरी आवाजात सांगितलं, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत. ओली फरशी सांगितली, गुडघे सांगितले, मजूर म्हणून ठेवा, हमाल म्हणून ठेवा, सगळं सांगितलं. टायपिस्ट थांबला आणि त्याने हळूच विचारलं, "'पायाला मिठी' असंच घेऊ?" अधिकारीबाई म्हणाली, "त्या सांगतायत तसंच घ्या." शेवटी लाथही सांगितली.  काकांकडे बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. त्यांच्या मनात एवढंच होतं, की या माणसाचा एक मित्र आपण आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, मारून टाकला.

टायपिस्टने शेवटची ओळ उतरवली. 

"हे तुमच्या साक्षीदाराच्या उलट आहे," अधिकारीबाई म्हणाली. तिने काकांकडे बघितलं. "आजोबा, तुम्हाला जबाबात काही बदलायचंय?"

काका काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. "ती सांगते ते खरं आहे," ते म्हणाले.

"पण तुम्ही तिथे नव्हता."

"नव्हतो. तरी खरं आहे. लाथसुद्धा."

"मग मघाशी तुम्ही वेगळं का सांगितलंत?"

"ती समोर बसली होती," काका म्हणाले.

अधिकारीबाईला काही कळलं नाही. तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, शिंकली, आणि म्हणाली, दोन्ही जबाब नोंदवून घेते, आता अडचण येईल असं वाटत नाही, निकाल टपालाने कळेल. बाईंनी दाखवलं तिथे सही केली. निकालाचं त्यांच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

बाहेर व्हरांड्यात एक बाक होतं. सून गाडी बघायला खाली गेली आणि दोघं बाकावर बसली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"त्याच दुपारपासून. माझं दुकान आदल्या दिवशी गेलं होतं. सील ठोकलेल्या दारासमोर पायरीवर बसलो होतो मी. तुझा बाप आला. पँट गुडघ्यांवर अजून ओली होती. सगळं सांगितलं त्याने. रडला फार. मग म्हणाला, पण पोर नेमकी किल्ल्या देताना आली. तिने तेवढंच बघितलं. तिच्यापुरतं तेवढंच राहू दे."

बाईंनी बाकावरून घसरणारी त्यांची काठी सरळ करून ठेवली.

"मग मीच सगळ्यांना सांगून ठेवलं. शिंप्याला, मास्तरांना, चष्मेवाल्याला. म्हटलं, तो आता असं असं सांगणार आहे. मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि हसायच्या जागी हसायचं. शिंपी तर काय, नाटक्याच होता, ठसका लावून घ्यायचा." काका स्वतःशीच हसले. "आम्ही तरी काय वेगळे होतो? मी शिपायाला पोटच्या पोराची शपथ घातली होती, एक करवत तरी नेऊ दे म्हणून. नाही दिली. मास्तरांनी हातातलं घड्याळ काढून दिलं, तरी स्वतःच्याच पट्टीचा मार खाल्लाच. पण आमची पोरं तिथे नव्हती. तुझा बाप तेवढा सापडला."

"मी यायची बंद झाले तेव्हा?"

"वाटलं, मोठी झाली, कामाला लागली, आता म्हाताऱ्यांत कशाला येईल. तरी आम्ही सांगत राहिलो हो. दर महिन्याला नाही, पण अधूनमधून. तू अचानक आलीस आणि कुणी चुकलं, असं व्हायला नको. जबाबाचा कागदही तुझ्याच हातात पडणार होता."

गॅलरीतली ती सगळी माणसं बाईंच्या डोळ्यांसमोर आली. खुर्च्या पुढे ओढणारी, मांडीवर थापा मारणारी, आणि शेवटी तिच्याकडे वळणारी. ती तोंडं ती मान हलवते का ते बघत होती. तिच्या मनातला ताठ मानेचा बाप अजून शाबूत आहे ना, तेवढंच बघत होती. आणि तिने त्याच तोंडांना भिऊन जन्म काढला होता.

"मला कुणी विचारायचं तरी," बाई म्हणाल्या. "एकाने तरी."

"काय विचारणार, पोरी? तुला माहीत नाही असं धरून चाललो होतो. बापाचं असं पोरीला कोण सांगतं?"

"मी पण तेच धरून चालले होते. तुम्हाला माहीत नाही म्हणून."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आता कुठे त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांचे ओठ काहीतरी बोलायला हलले, आणि राहिले. बहुतेक पुतण्याबद्दल असावं. पण त्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

बाईंना रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. बाबांचा नाही. बाबांनी आपल्यासाठी केलं हे ऐकून त्यांच्यावरचा राग मघाशीच विरघळला होता, असलाच तर. राग आला तो या सगळ्या चांगल्या माणसांचा, ज्यांनी एकमेकांना जपता जपता त्यांना एकटीला बाहेर ठेवलं, आणि स्वतःचा, जिने बाहेरून कडी लावून घेतली. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं. भांडायला समोर कुणी नव्हतंच, एक ऐंशीचा म्हातारा सोडून. कायद्याप्रमाणे कारखान्याची भरपाई मिळणार होती, या वर्षांची नाही.

सून वर आली. गाडी दारात लागली होती. तिने काकांना एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने बाईंनी. जिना उतरायला बराच वेळ लागला. गाडीत बसल्यावर काकांनी काच खाली केली.

"राग धरू नकोस," ते म्हणाले.

"धरणार, काका," बाई म्हणाल्या.  "मी धरणार आहे राग."

काकांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "धर. पण घरी येऊन धर."

सुनेने काच वर केली. गाडी कचेरीच्या फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर थोडी थांबली आणि वळली. बाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की काकांचं घर कुठे आहे हेच आपल्याला ठाऊक नाही. फोन करून पत्ता विचारावा लागणार होता.